बांध डाव्या हाताला

आमच्या शेतामागचा कोरडा पाट मोजायला ऑनर लस्कम बाई एक्झिटरहून आल्या, तेव्हा मी त्यांना स्पष्टच विचारलं, "त्यात मोजायचं काय? खाणीच्या कथीलवाल्यांनी खणला, त्याच्या पाण्यावर आमच्या घरामागचं पाणचक्र फिरलं, कथील संपलं, पाणी तुटलं. झालं की."

"कुणी, कधी, किती उताराने खणला ते मोजायचंय," बाई म्हणाल्या. "पट्टी धराल का?"

धरली. शेतावर मी एकटी. त्रेसष्ट वर्षांची, आणि बोलायला फक्त मेंढ्या. बाई तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसायच्या, आणि मी आकड्यांची उंच पट्टी घेऊन पाटातल्या गवतात उभी. "डावीकडे! सरळ! हलू नका!" उंटावरून शेळ्या हाकायला त्यांना फार आवडायचं. पण बाई कष्टाळू होत्या आणि माझ्या हातची पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची भली मोठी करंजी, चवीने खायच्या, त्यामुळे मी ऐकून घेत होते.

या पाटावर आमच्या घराचा एक नियम आहे. पाट डोंगराच्या कडेकडेने जातो आणि खणलेली माती उताराच्या बाजूला टाकलेली असते, तोच बांध. माळावर धुक्यात सापडलात तर पाट शोधायचा, बांध डाव्या हाताला ठेवायचा आणि चालत राहायचं. पाट थेट आमच्या मागच्या दाराशी आणून सोडतो. वडिलांनी हे मला शिकवलं आणि मी माझ्या धाकट्या भावाला, एलीला.

एली चाळीस वर्षांपूर्वी गेला. त्या सकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्याला प्लिमथला जाऊन बोटीवर नोकरी करायची होती. मी म्हटलं, "जा की मग, कोण अडवतंय?" तो फावडं उचलून जळणाची दलदलीची माती कापायला माळावर गेला, तो परत आलाच नाही. दुपारी धुकं उतरलं होतं. शेजारचे लोक कुत्री घेऊन दारात आले, तर मीच त्यांना म्हटलं, "कुत्री दमवू नका. तो प्लिमथला पळालाय." मला तसं खरंच वाटलं होतं. आई मरेपर्यंत रोज त्याचं ताट मांडायची. ती गेली त्या दिवशी मी ते ताट फडताळात ठेवलं आणि तिच्या थडग्याच्या दगडावर फक्त माझं नाव कोरून घेतलं, 'थिर्झाची आई'. इतका राग होता मला त्याचा.

तर, तिसऱ्या दिवशी आम्ही मोजत मोजत वरच्या दलदलीपर्यंत पोचलो. तिथे शंभरेक पावलं पाट दिसतच नाही, आणि पलीकडे पुन्हा सुरू होतो. दलदलीपाशी खूण म्हणून बाईंनी लाल-पांढरी काठी रोवली. पलीकडच्या तुकड्यात जाऊन मी पट्टी धरली. बाई बराच वेळ दुर्बिणीत पाहत राहिल्या.

"थिर्झाबाई, त्या माणसाला जरा बाजूला व्हायला सांगा."

"कुठल्या माणसाला?"

"तुमच्या मागे उभाय तो." त्यांच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं, पाय वर आणि डोकं खाली. "चार पाय दिसतायत मला."

मी मागे वळले. हेदरची झुडपं आणि वारा, बस. "मेंढी असेल," मी म्हटलं.

"मेंढ्या बूट घालतात?" बाईंनी डोळे चोळले, पुन्हा पाहिलं आणि आकडा लिहिला. मग दुर्बीण पेटीत भरून माझ्यापाशी आल्या आणि बेरीज-वजाबाकी करून म्हणाल्या, "हा तुमचा पाट नाही. नऊ फूट वर आहे. पाणी दलदलीत नऊ फूट उडी मारत नाही. हे दोन वेगळे पाट आहेत, आणि हा कितीतरी जुना. तो कुठे जातो?"

"आमच्या दाराशी!" मी चिडले. "आमच्या नऊ पिढ्या इथे नांदल्या, आणि तुम्ही तीन दिवसांत मला पाट शिकवणार?"

इतक्यात धुकं उतरलं. आमच्याकडे ते सांगून येत नाही. समोर धरलेली पट्टी दिसेना. बाई घाबरल्या, ते मला जरा बरंच वाटलं. "माझा कोट धरा," मी म्हटलं, "बांध डाव्या हाताला, की आलंच घर."

आम्ही निघालो. बांध पायाला लागत होता, मध्ये दलदलीचा वास आला आणि गेला, हेदरखाली बांध मात्र तुटला नाही. मनात म्हटलं, बघा, एकच पाट आहे. मग मला पाण्याचा आवाज आला. कोरड्या पाटात, माझ्या घोट्यांशी, वाहत्या पाण्याचा. बूट तर कोरडे होते.

"ऐकू येतंय का?" बाई कुजबुजल्या.

"नाही," मी खोटंच म्हटलं.

आणि पुढे, धुक्यात, लोखंड दगडावर आपटत होतं. टक. टक. कुणीतरी फावड्याने बांध चाचपत चाललं होतं. मी थांबले की ते थांबायचं. चालले की चालायचं. आमच्या माळावर चकव्यात सापडलं तर कोट उलटा घालतात. मी कोट काढला, उलटा केला, घातला. टक. टक. काही फरक पडला नाही.

मग आवाज थांबला. पुन्हा झाला नाही. माझा पाय उचललेला होता, तो मी मागे घेतला. पट्टी पुढे टेकवली, तर टेकायला काही लागेना. खाली खोलवर एक खडा पडला आणि पाणी वाजलं.

कथीलवाल्यांचा खड्डा. डोंगराच्या पलीकडचा, ज्याला खालच्या बाजूने मीच कुंपण घातलं होतं. मी आयुष्यात कधी या वाटेने तिथे आले नव्हते, कारण धुक्यात मी दर वेळी खालच्याच पाटावर सापडले होते. आणि उजेडात दलदलीपाशी आपण सगळेच नकळत खाली उतरतो. वरच्या पाटावरून, धुक्यात, नियमाने चालणारा मात्र इथेच येणार.

गुडघ्यावर बसून मी हाताने चाचपलं. कडेच्या काळ्या मातीत एक दांडा उभा रुतला होता. त्याला तार गुंडाळलेली. एलीच्या फावड्याचा दांडा फुटला तेव्हा ती तार मीच गुंडाळली होती, सात वेढे, शेवटचा उलटा.

तो पळाला नव्हता. घरी येत होता. मी शिकवलं तसाच, बांध डाव्या हाताला ठेवून. आणि मी कुत्री परत पाठवली.

"थिर्झाबाई," बाईंनी माझा खांदा धरला, "आता कसं जायचं?"

मी उठले. "बांध उजव्या हाताला," मी म्हटलं. मग धुक्याकडे तोंड करून मोठ्याने, रडत म्हटलं, "एली, ऐकलंस का? मी चुकीचं शिकवलं रे तुला. उजव्या हाताला ठेव. माझ्या मागून ये."

आम्ही परत फिरलो. काही पावलं शांतता होती. मग मागे, टक. टक. बाईंनी माझा कोट इतका आवळला, की शिवण उसवली. लाल-पांढरी काठी हाताला लागली तसं मी ओरडले, "इथे उतर. नऊ फूट खाली. पाय जपून." आम्ही उतरलो. मागचा आवाज वरच थांबला, खूप वेळ थांबला. मग आमच्या मागे, खाली, पुन्हा सुरू झाला. आता बांध डाव्या हाताला, थेट मागच्या दारापर्यंत.

मी चुलीत लाकडं टाकली, फडताळातलं ताट काढून पुसलं आणि दार उघडंच ठेवलं. बाहेर पायरीच्या दगडावर लोखंड एकदा वाजलं.

"बूट बाहेर काढ," मी म्हटलं.

बाईंनी दुर्बिणीची पेटी उचलली आणि दारातून बाजूला झाल्या.