फरशीवरचं प्रमेय

बेचाळीस साली जपानी बॉम्ब पडणार म्हणून अर्धं मद्रास गाशा गुंडाळून पळालं, तेव्हा गणिताचे दोन प्राध्यापक कुंभकोणमला, शेती सांभाळून गणित करणाऱ्या हनुमंतरावांच्या दारी येऊन थडकले. युद्धामुळे कागद मिळेना. पण गणिताचं वेड कागदावाचून थोडंच अडतं! हनुमंतरावांनी पुढचं दालन मोकळं करून दिलं आणि तिघं फरशीवर तांदळाच्या पिठानं प्रमेयं मांडू लागले. झालं, संशोधन संस्था सुरू. नियम एकच: ऐकणाऱ्याला शंका आली की मांडणाऱ्यानं थांबायचं, मग तो कितीही मोठा असो.

युद्ध संपलं, प्राध्यापक परतले, दालनात भाताची पोती आली. हनुमंतरावही गेले. पुढं त्यांच्या मुलानं, वेणुगोपाळरावांनी, पोती हलवून त्याच फरशीवर संस्था पुन्हा उभी केली. वडिलांनी त्या काळी इथंच सिद्ध केलेलं प्रमेय ते दर वर्षी नव्या मुलांकडून घोकून घेत.

आता शहाऐंशी उजाडलं होतं. सरकारी मान्यता मिळाली नाही तर संस्थेला टाळं लागणार होतं. तपासणीला मद्रासच्या गणित संस्थेचे संचालक नटराज आले. बडं प्रस्थ! खुर्ची मागवून बसले. वेणुगोपाळरावांनी अर्थातच वडिलांचं प्रमेय मांडायला घेतलं. त्यांचा ऊर नुसता भरून आला होता.

निम्म्यावर आले तोच महालक्ष्मी बोलली. तिरुनागेश्वरम्‌हून सायकलनं येणारी ही त्यांची सर्वांत नवी विद्यार्थिनी.

"सर, थांबा. ही पायरी मागच्या पायरीतून निघत नाही."

वेणुगोपाळरावांना वाटलं, हिला आजचाच मुहूर्त सापडला? पण नियम म्हणजे नियम. ते थांबले, वाकून पाहिलं. पोरीचं खरं होतं. इतकी वर्षं सगळे ते स्तोत्रासारखं म्हणत आले होते. स्तोत्रात शंका कोण काढतो?

त्यांनी पीठ तिच्या हाती दिलं. मुलं भोवती जमली, वाद रंगला, पाहुण्यांचं कुणाला भानच उरलं नाही. नटराज कधी खुर्ची सोडून खाली बसले, तेही कळलं नाही. दुपारपर्यंत एक अट वाढवून प्रमेय तगलं.

वेणुगोपाळरावांनी हात जोडले. म्हणाले, आमची चूक तुमच्यादेखत उघडी पडली, मान्यता गेली हे समजतो.

नटराजांनी धोतराला लागलेलं पीठही झटकलं नाही. "मान्यता दिली," ते म्हणाले. "माझ्या संस्थेत वीस वर्षांत मला कुणी थांबवलेलं नाही. माझं एक प्रमेय इथं मांडू का?"

वेणुगोपाळरावांनी महालक्ष्मीकडं पाहिलं. वडील गेल्यापासून इतका अभिमान त्यांना कशाचाच वाटला नव्हता.

"अवश्य मांडा," ते म्हणाले. "पण ही समोर बसेल."