दमलो म्हणायची चोरी

मी एक जुना लोखंडी पाइप आहे, मित्रांनो, आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही आत्ता शहाण्यासारखे समोर बसला आहात, पण माझी गोष्ट संपली की दगड घेऊन माझ्यावर ठणठण वाजवाल, हे मी ओळखून आहे. असो. तरीही सांगतो.

कारखान्यात मला तापलेल्या जस्तात बुडवून काढले, अंगाला चकाकी आली आणि मी कळंबला रामहरी तात्यांच्या पेरूच्या बागेत आलो. तिथे मला बोअरमध्ये उभा सोडला. वर कुणीतरी मोटार चालू करायचे. खालून पाणी येते की नुसती हवा, हे सगळ्यांच्या आधी मला कळायचे. कोरडे पडलेले बोअर वर्षभर माणसाला झुलवत ठेवते, हेही मी तिथेच पाहिले. मग मला उपसून बांधावर टाकले आणि नव्या जागेसाठी पाणाड्या आला. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो शेतभर फिरला आणि एका जागी नारळ उभा राहिला. सगळ्यांनी हात जोडले. मी जमिनीवर पडलो होतो, खालून बघत होतो. मला त्याचा अंगठा हललेला दिसला. त्या जागी काय निघाले असेल ते सांगायला नकोच.

तेव्हापासून माझा स्वभाव असा झाला. गोठ्याच्या भिंतीला टेकून पडून राहायचे, अंगावर घेवड्याचा वेल चढू द्यायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे संशयाने बघायचे. माझी कुणाला आठवणही नव्हती.

मग युवराज पडला. युवराज म्हणजे तात्यांचा एकुलता एक मुलगा, बाग सांभाळणारा, अंगापिंडाने दणकट. गोठ्याचा पत्रा बदलायला वर चढला आणि पाय घसरून खाली आला. मानेच्या जरा खाली, पाठीच्या कण्याला मार बसला. हात वाचले. पण छातीच्या वरच्या भागापासून खाली ना हालचाल उरली, ना स्पर्श. पुष्कळ दिवसांनी दवाखान्यातून घरी आला तो चाकाच्या खुर्चीतून. त्याची बायको रेश्मा खुर्ची ढकलत होती आणि आई बनाबाई दारात भाकरतुकडा हातात घेऊन नुसती उभी होती. ओवाळून टाकायचे तिला सुचलेच नाही.

बारामतीहून उत्कर्षा नावाची फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा स्कूटीवरून यायला लागली. तिने सांगितले, घरात चालायच्या बारसारखे काहीतरी हवे, म्हणजे दोन्ही बाजूंना धरायला आडव्या दांड्या. तात्यांनी घेवड्याचा वेल ओरबाडून मला ओढून काढले आणि निमगाव केतकीला वेल्डिंगच्या दुकानात नेले. मला मधोमध कापले. आता मी दोन तुकड्यांत आहे, पण बोलतो एकच. माझ्याच बोअरमधल्या भावांचे, म्हणजे दुसऱ्या पाइपांचे, पाय करून मला त्यांच्यावर बसवले आणि पडवीत सिमेंटमध्ये पक्के केले.

उत्कर्षा आली तेव्हा ती गोड बोलेल, फोटो काढेल आणि जाईल, असे मला वाटले होते. पण तिने आधी मला दोन्ही हातांनी गदागदा हलवले. प्रत्येक जोडावरून बोट फिरवले. एका ठिकाणी वेल्डिंगची बोचरी धार लागली, ती घासून घ्यायला लावली. मग स्वतः माझ्यावर सगळा भार टाकून लोंबकळली. मित्रांनो, संशय घ्यावा तर असा! ती बाई मला तिथेच आवडली.

तात्यांना मात्र ती पटली नाही. कारण उत्कर्षाचा व्यायाम कमी आणि चौकशा जास्त. लघवीची पिशवी रिकामी केली का? रात्री डोके दुखले का? मग ती आरसा धरून युवराजच्या टाचा आणि पाठ बघायची, कुठे कातडी लाल झालेली नाही ना म्हणून. त्यानंतर युवराज खुर्चीत बसूनच मला धरून हातांच्या जोरावर अंग उचलायचा. कधी पायांना पट्ट्या आणि कमरेला रुंद पट्टा बांधून दोघे जण त्याला उभा करायचे, तेही हळूहळू, चक्कर येते का विचारत. आणि जरा रंग चढला की ही म्हणायची, “थांबा. पाणी प्या.”

बनाबाईंच्या गुडघ्यांना संधिवात. उत्कर्षाने त्यांनाही मला धरून खुर्चीतून उठायला-बसायला शिकवले आणि वर बजावले, “दुखणं वाढलं तर थांबायचं, आई. रेटायचं नाही.”

“हिला बी थांबायलाच सांगितलं!” तात्या गोठ्यात जाऊन पुटपुटले. “थांबून कुणाचं काय बरं झालंय?”

तात्यांचे एक माप होते. बागेतून माणसे घरी निघाली की ते बांधावर उभे राहून प्रत्येकाच्या पाठीकडे बघायचे. सदरा ओला होऊन पाठीला चिकटला असला तर माणूस कामाचा. सदरा कोरडा दिसला की, “अंगचोर हाय ह्यो,” म्हणून मोकळे. आयुष्यभर त्यांनी माणसे अशीच पारखली होती. आणि युवराजचा सदरा, कितीही अंग उचलले तरी, कोरडाच्या कोरडा. तात्या पडवीच्या खांबाला टेकून ती कोरडी पाठ बघत राहायचे. युवराजला ती नजर न बघताही कळायची. त्याचे हात माझ्यावर आणखी घट्ट आवळायचे.

चैत्र सुरू झाला. उत्कर्षाच्या बहिणीचे लग्न होते, म्हणून ती दोन आठवडे येणार नव्हती. जाताना तिने रेश्माला सगळे सांगितले, पहाटेच व्यायाम करायचा, उन्हात नाही. पण बागेत पेरूंना फोमच्या जाळ्या घालायचे काम अंगावर आले होते, आणि पहाटे रेश्मा नसली तर बाईमाणसे कामाला हलत नसत. व्यायाम मागे ढकलत ढकलत भर दुपारवर आला. त्या दिवशी रेश्मा बागेत आणि पडवीत तात्या. पडवीवर पत्रा, आणि पत्र्यावर इंदापूरकडचे ऊन. मी स्वतः इतका तापलो होतो की माझ्यावर चिमणी टेकेना.

युवराजने अंग उचलायला सुरुवात केली. थोड्या वेळाने म्हणाला, “तात्या, बास करू का?”

तात्या मागे गेले. सदऱ्यावरून हात फिरवला. “वाळून खडखडीत हाय की रं पाठ. घामाचा टिपूस न्हाय आन् बास करू म्हणतोस?”

“डोकं जड झालंय.”

“बसून बसून झालंय ते. मार आजून जरा जोर. तुझ्याच भल्याचं सांगतोय, लेका.”

 युवराजने पुन्हा मला धरले. मित्रांनो, त्याचे तळहात मी ओळखत होतो, पण त्या दिवशी ते तव्यासारखे होते आणि पार कोरडे. मला संशय आला की इथे काहीतरी भलतेच होते आहे. पण पाइपाला ओरडता येत नाही. तो उचलत राहिला, उचलत राहिला. मग त्याचे बोलणे बरळल्यासारखे झाले, चेहरा लालबुंद झाला आणि मान छातीवर पडली.

“आगं ए! रेश्मे!” तात्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

रेश्मा बागेतून धावत आली. तिने विचारत बसण्यात वेळ घालवला नाही. दोघांनी मिळून त्याला आतल्या गार खोलीत नेऊन आडवा केला, सदरा काढला, ओली फडकी मानेवर आणि काखेत ठेवली, पंखा लावला. फोनवर उत्कर्षा लग्नघरातून सांगत होती, “अंग ओलं करत राहा, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात हलवा. वाट बघू नका.” शेजारच्या बिरदेवने टेम्पो काढला. टेम्पो गेला आणि पडवीत मी एकटा राहिलो. हा माणूस परत येईल, यावर माझा विश्वास नव्हता. खोटे कशाला बोलू?

तो परत आला. चार दिवसांनी, अशक्त होऊन, पण आला. त्याच दुपारी लग्न आटोपून उत्कर्षाही आली, आणि तात्यांसमोर बसली. रागावेल असे वाटले होते, पण तिचा आवाज शांत होता.

“तात्या, घाम हा मेंदूच्या हुकमानं येतो. ह्यांच्या पाठीच्या कण्यातून तो हुकूम खाली पोचतच नाही. म्हणून ह्यांचं अंग आतून तापत राहतं, पण घाम फुटून गार होत नाही. दगडं फोडायला लावली तरी ह्यांची पाठ कोरडीच राहणार.”

तात्या जमिनीकडे बघत होते.  “मंग माणूस दमला का न्हाय, वळखायचं कसं?”

“त्यांना विचारायचं. आणि ते सांगतील ते खरं धरायचं.”

“एवढंच?”

“एवढंच. बाकी सावली, पाणी आणि गार वेळ हे तुम्ही बघायचं.”

इतका वेळ ऐकत बसलेला युवराज खुर्चीतून बोलला. “मी तर सांगितलंच हुतं, मॅडम. डोकं जड झालंय म्हणलं हुतं.” तात्यांकडे त्याने बघितले नाही. तात्या उठून बागेत निघून गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून तात्या सगळ्यांच्या आधी उठायला लागले. पडवीच्या पत्र्यावर त्यांनी उसाचे पाचट घातले, अंगावर पाणी मारायला फवाऱ्याची नवी कोरी बाटली आणली, ओले फडके हाताशी ठेवले. फवारणीचे कसलेही औषध न लागलेली बाटली आहे ना, हे रेश्माने वास घेऊन बघितले, तेव्हा मला बरे वाटले. उत्कर्षाने ठरवून दिलेल्या वेळावेळाने तात्या अगदी न चुकता विचारायचे, “दमला का रं?”

आणि युवराज दर वेळी म्हणायचा, “न्हाय.”

हे मला आवडले नाही. माझ्या अंगावर त्याचे हात थरथरायचे आणि तोंडाने ‘न्हाय’. रेश्मालाही संशय आला. एके दिवशी तिने त्याची खुर्ची माझ्यामधून बाहेर ओढली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “अहो, खोटं का बोलताय? हात बघा कसं लटालटा हलत्यात.”

“दमलो म्हणलं की परत अंगचोर व्हनार,” युवराज म्हणाला. “त्यापरीस पडलेलं बरं.”

तात्या पडवीच्या पायरीवर होते. त्यांनी ते ऐकले. मला वाटले आता हा म्हातारा काहीतरी समजुतीचे बोलेल, आणि तेही खोटेच निघेल.  पण ते नजर खाली घालून बसून राहिले, आणि मित्रांनो, मला त्यांची दया आली. आपल्याच पोराच्या तोंडून ‘थांबा’ हा शब्द आपण काढून घेतला, हे त्यांना त्या पायरीवर कळले.

आता घोर एकच होता. पुढच्या खेपेला अंग तापले आणि हा गडी भीतीपोटी ‘न्हाय’ म्हणाला, तर पाचट, बाटली, फडके, कशाचाच उपयोग नव्हता.

त्यानंतरची एक सकाळ. युवराजला पट्ट्या बांधून माझ्यात उभे केले होते. एका बाजूला रेश्मा, दुसऱ्या बाजूला तात्या, बनाबाई मला धरून पलीकडे आपले गुडघे सोडवत होत्या. निमगावहून युवराजचे दोन मित्र बघायला आले होते आणि कौतुकाने म्हणत होते, “वा गड्या, आजून जरा! आजून जरा!” मित्रांसमोर कोण थांबतो? तात्यांनी विचारले, “दमला का रं?”

युवराजने मान वळवून बघितले. तात्यांची नजर त्याच्या तोंडावर होती. मी जीव मुठीत धरून होतो, म्हणजे पाइपाला जशी मूठ असेल तशी.

“व्हय, तात्या,” तो म्हणाला. “दमलो. पुरं आता.”

मित्र हसून म्हणाले, “आरं, आत्ता तर कुठं—”

“खुर्ची!” तात्या गरजले. त्यांनी युवराजच्या पाठीकडे बघितले नाही, सदऱ्याला हात लावला नाही, दुसऱ्यांदा विचारले नाही. एका हाताने लेकाला सावरत त्यांनी दुसऱ्या हाताने खुर्ची त्याच्या मागे ओढली आणि त्याला अलगद बसवले. मग पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. बनाबाई म्हणाल्या, “डोळ्यात काय गेलं हो?” त्यावर ते म्हणाले, “पाचटाची कुसळं.” यावरही माझा विश्वास बसला नाही.

आता माझ्या अंगावरचे जस्त गेले आहे, हातांच्या घासण्याने मधला भाग गुळगुळीत झाला आहे. कधीतरी गंज आतपर्यंत जाईल. म्हणून तुम्हाला एक विनंती करतो. माझ्यासारख्या पाइपावर खुशाल संशय घ्या. धरण्याआधी हलवून बघा, जोड तपासा, उन्हाने तापलोय का ते बघा. मला राग येणार नाही. पण एखादा माणूस दमलो म्हणाला, तर त्याच्याकडे पुरावा मागू नका. आधी खुर्ची पुढे करा.