काथ्याचं हिंदी

फलक उलगडला आणि देवश्रीची नजर खालच्या मजकुरावर अडकली. वर तिच्या आईचा फोटो होता, खाडीकाठी बसून दांडक्याने नारळाची भिजलेली सोडणं बडवताना. खाली ठळक हिंदीत छापलं होतं : 'पान का कत्था कूटती कोंकण की महिला'.

"यज्ञेश!"

यज्ञेश शिडीवर होता. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीतलं. मराठी घरापुरती, बाहेर सगळी हिंदी. इथल्या मराठी मंडळाने भरवलेल्या कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या उद्योगांच्या या प्रदर्शनासाठी देवश्रीचा मराठी मजकूर त्यानेच हिंदीत केला होता.

"काय झालं ताई? मिठागराचा फलक उलटा लागला का?"

"हे कत्था काय आहे?"

"तुम्हीच काथ्या लिहिलं होतं ना?"

"अरे, काथ्या म्हणजे नारळाच्या सोडणाचा धागा! त्याचे दोर वळतात. पानात घालतात तो कात, खैराच्या लाकडाचा. त्याचा फलक तिकडे वेगळा आहे."

"तिथेपण कत्थाच लिहिलंय मी," यज्ञेश खाली उतरत म्हणाला. "वाटलं, तुमच्याकडे दोन तऱ्हेचा बनत असेल. त्यात शेजारच्या फलकावर शिंपल्यांचा चुना. बनारसचा माणूस दुसरं काय समजणार, सांगा! आणि मी फोनवर विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, काथ्या म्हणजे काथ्या, त्यात काय विचारायचं."

म्हणाली होती खरी. देवश्रीचा पारा आणखी चढला.

"कशाला एवढं मनावर घेतेस?" मंडळाचे वेणीमाधवकाका खुर्चीतूनच म्हणाले. "पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून दमलेली माणसं इथे पंख्याखाली बसायला येतात. वाचतंय कोण?"

"माझी आई वाचेल, काका."

वेंगुर्ल्याहून लेकीकडे आलेली आई थोड्याच वेळात पोचणार होती. खाडीच्या चिखलात सोडणं पुरायची, कुजली की उपसायची, बडवायची, यात तिचा जन्म गेला. त्या कामाची दखल आजवर कुणी घेतली नव्हती. निदान इथे ते नावानिशी भिंतीवर लागावं, एवढ्यासाठी देवश्रीने रेल्वेच्या कचेरीतून रजा काढली होती. नवा फलक छापायला वेळ नव्हता. तिने कात्री घेतली, मजकुराची पट्टी कापून टाकली आणि नुसता फोटो टांगला.

आई आली. फोटोसमोर उभी राहिली, मग कापलेल्या कडेवरून तिने बोट फिरवलं.

"खालचा खंय गेला?"

"चुकीचं छापलं होतं गं. कापलं."

"कापलंस कित्याक? आता लोकांका कसा कळतला, मी काय करतंय ता? वाटात, धुणा बडवतंय!"

यज्ञेशला हसू आवरेना. देवश्रीने त्याच्याकडे पाहिलं तसा तो मुकाट्याने कागद आणि जाडा पेन घेऊन आला. "सांगा ताई. हिंदीत काय लिहू?"

देवश्री शब्द शोधू लागली. इतकी वर्षं हिंदीत कचेरी चालवली, पण काथ्याला हिंदीत काय म्हणतात ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"नारियल की जटा," वेणीमाधवकाका पंख्याखालून म्हणाले.

"हे मघाशी का नाही सांगितलंत?"

"मघाशी तू विचारलंस कुठे?"

"जटा?" आई म्हणाली. "जटा शंकराची. ह्यो काथ्या. तसाच लिव."

"आजी, इथे कुणाला समजणार नाही."

"नाय समाजला तर इचारतले. मी हंयच बसलंय."

शेवटी यज्ञेशने मोठ्या अक्षरांत 'काथ्या' लिहिलं, खाली बारीक 'नारियल की जटा'. कागद फोटोखाली चिकटतो न चिकटतो, तोच घाटावरचा एक नावाडी आत आला. त्याने वरचा मोठा शब्द वाचला, गालातलं पान दुसऱ्या गालात सरकवलं आणि आईला विचारलं, "अम्मा, ई कत्था असली है?"

देवश्रीने कपाळाला हात लावला. आईने मांडीवरच्या पिशवीतून काथ्याच्या दोराचा तुकडा काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

"खावन बघ," ती म्हणाली.