माझ्या पोटातला कोड कुठून आला?

मी एक जुना कंट्रोलर, घोलवडच्या भारतीकाकूंच्या शेडमध्ये भिंतीवर बसलोय. चिकूच्या चकत्या वाळवायच्या यंत्राला आच किती द्यायची आणि कधी बंद करायची, हे मी ठरवतो. मित्रांनो, दिसायला साधा डबा आहे हो, पण माझ्या पोटात जगभरच्या माणसांचे कष्ट आहेत!

मला घडवलं काकूंच्या पुतणीने, मयूरीने. सगळं सॉफ्टवेअर काही तिने स्वतः लिहिलं नाही. कुठलं पॅकेज, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, परदेशातल्या कुणाचं, तर कुठलं बंगळुरूच्या पोरांचं. कोणतं पॅकेज कुठून आणायचं ते तिने एका फाइलमध्ये घातलं आणि तिच्या लॅपटॉपने ते सगळं आणून, जोडून मला तयार केलं. त्या माणसांना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांचे उपकार रोज आठवतात.

सुरुवातीलाच एक अडचण आली. खाऱ्या, दमट हवेने माझा तापमानाचा सेन्सर मधूनच गप्प व्हायचा, आणि त्याला वाचणारं पॅकेज आपलं जुनाच आकडा सांगत राहायचं, मग आच चालूच. मयूरीने त्यात दुरुस्ती केली: सेन्सर गप्प झाला, की आच बंद. घाईघाईत तिने लॅपटॉपला सांगून ठेवलं, की हे एक पॅकेज इंटरनेटवरून नको, माझ्या फोल्डरमधून घे. ती सूचना तिच्या लॅपटॉपवरच राहिली. फाइलमध्ये मात्र मूळचाच पत्ता होता.

पुढे मयूरी नोकरीसाठी पुण्याला गेली. मी इमानेइतबारे राबलो. "आमचा डबा माणसापेक्षा शहाणा!" असं काकू पाहुण्यांना सांगायच्या, नि मी फुगून जायचो.

यंदा विजेच्या झटक्याने माझं मेमरी कार्ड गेलं. डहाणूच्या दुरुस्तीवाल्या प्रितमने मयूरीने पाठवलेल्या फाइलवरून मला पुन्हा उभं केलं. दुसऱ्याच खेपेला चकत्यांचा कोळसा! तलासरीहून येणाऱ्या सुनिताने नि तिच्या मैत्रिणींनी सकाळपासून कापलेला माल होता तो. त्या बिचाऱ्या डोक्याला हात लावून बसल्या.

काकू भडकल्या. "पुन्हा जळलं, तर हा डबा भंगारात आणि यंत्र विकून टाकते!"

यंत्र गेलं की सुनिताचं कामही जाणार. मला तर रडूच आलं, पण डब्याचं रडणं कोण ऐकतो?

प्रितमने मयूरीला फोन लावला. "ताई, तुझ्या फाइलप्रमाणेच केलंय गं. एक अक्षर बदललं नाही."

"सेन्सरचं पॅकेज कुठून आलं?"

"फाइलमधल्या पत्त्यावरून."

"अरे देवा! चालणारं ते नव्हेच रे. ते माझ्या फोल्डरमध्ये होतं, नि मी कुठे लिहिलंच नाही. काकूला सांग, चूक माझी आहे."

जुना लॅपटॉप तिने मोडीत काढला नव्हता, नशीब माझं! तिने कोड पाठवला. प्रितमने तो घातला आणि काकूंच्या देखत सेन्सरची वायर उपटली. आच तत्काळ बंद.

"हं," काकू म्हणाल्या, "राहू दे याला. सुनिता, ट्रे भर गं."

मग मयूरीने तो कोड सर्वांना मिळेल अशा जागी ठेवला, फाइलमधला पत्ता बदलला आणि काय बदललं, का बदललं तेही लिहिलं. पॅकेजच्या मूळ लेखकालाही दुरुस्ती पाठवली. त्याने ती आनंदाने स्वीकारली.

मित्रांनो, दुसऱ्याचं आणून काही जोडाल, तेव्हा ते कुठून आणलंत आणि त्यात काय बदललंत, हे तेव्हाच लिहून ठेवा. मागाहून येणाऱ्याचे हाल करू नका. आता लॅपटॉप हरवला, मयूरी सातासमुद्रापार गेली, तरी प्रितम मला जसाच्या तसा उभा करील. लेकराला आपल्यावाचूनही जगता यावं, एवढी तजवीज तिने केली. तिचे उपकार मी कसे फेडू?