सूर्याच्या वाटेत आलेला कूलर

मित्रांनो, मी एक जुना कूलर आहे आणि मी सूर्याच्या कामात लुडबूड केली असा माझ्यावर आळ आहे. आता तुम्हीच सांगा, ज्या सूर्याशी माझं जन्माचं वैर, त्याच्या वाटेला मी कशाला जाईन? पण आळ घेणारी आमच्या घरची पोर प्रेरणा आहे आणि ती खोटं बोलत नाही. त्यामुळे माझं डोकं पार चक्रावून गेलं आहे.

माझा जन्म दुर्गच्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. कारागिराने ठोकून ठोकून माझे कोपरे सरळ केले, पोटात टाकी बसवली आणि तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावल्या. बळीराम नावाच्या गृहस्थांनी मला ऑटोत घालून भिलाईला, रिसालीतल्या घरी आणलं. ते मूळचे भंडाऱ्याकडचे, नोकरी पोलाद कारखान्यात, भट्टीवर. ड्युटीवरून आले की माझ्यासमोर बसायचे आणि म्हणायचे, हा आहे तर घर आहे. त्यांच्या पत्नी गिरजाबाई टाकीत पाणी भरताना रोज कुरकुरायच्या, की हा माणसापेक्षा जास्त पितो. पण चार पाहुण्यांत माझं कौतुक करायला त्याच पुढे. पावसाळा लागला की मात्र मला कोण ओळखतो! चादर पांघरून कोपऱ्यात उभं करायचे आणि डोक्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवायचे. असो. माझी तक्रार ती नाही.

प्रेरणा त्यांची नात; बळीरामांना ती आबाजी म्हणते. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकते. यंदा एका अंतराळ विज्ञान प्रयोगशाळेच्या उन्हाळी इंटर्नशिपसाठी तिची निवड झाली तेव्हा घरात पेढे वाटले. मला वाटलं, पोरगी आता रॉकेटात बसणार. पण ती लॅपटॉप घेऊन बसली माझ्याच शेजारी. पहिलं काम घरूनच करायचं होतं म्हणे. ते नीट झालं तर प्रयोगशाळेत बोलावणं येणार, नाही तर नाही.

तिने लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळली, ती गच्चीवर उभी केली आणि तिचं टोक लॅपटॉपला जोडलं. सूर्यावर भडका उडाला की दूरच्या रेडिओ केंद्राकडून येणाऱ्या लहरी बदलतात आणि पडद्यावरची रेघ वर चढते, असं ती आजीला समजावत होती. गिरजाबाई हो हो म्हणाल्या. मला काही कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

पण रेघ काही धड येईना. सगळं गवत माजल्यासारखं दिसायचं. प्रेरणा रडकुंडीला आली. मग एका दुपारी लाईट गेली, मी थांबलो, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि रेघ एकदम सुतासारखी सरळ झाली. लाईट आल्यावर तिने घरातली एकेक वस्तू बंद करून पाहिली. फ्रिज निर्दोष सुटला, पंखा सुटला, आणि मी सापडलो. माझी जुनी मोटर म्हणे त्या तारेत शिरणारा, पण कानाला ऐकू न येणारा गोंगाट करते. ऐकू येणारा करते हे मला मान्य आहे. पण न ऐकू येणारा? माझ्याच पोटातली गोष्ट आणि मलाच पत्ता नाही!

मोटर बदलायची ठरली, पण ऐन उन्हाळ्यात कूलरचा मिस्त्री हाती लागतो कुठे! बरं, सामान उचलून दुसऱ्या घरी जावं तर तिथेही माझा एखादा भाऊबंद असणारच. सूर्याचं काम दिवसाचं, आणि पाठवायची होती सकाळपासून संध्याकाळपर्यंतची एक अखंड, स्वच्छ नोंद. इकडे बळीराम आता थकले आहेत. डॉक्टरांनी त्यांना उन्हापासून जपायला सांगितलं आहे, त्यामुळे दुपार ते माझ्यासमोरच्या खाटेवर काढतात. म्हणजे पोरीला मी बंद हवा होतो आणि म्हाताऱ्याला चालू. मी तरी काय करावं?

प्रेरणा काही बोललीच नाही. दिवसांवर दिवस गेले आणि नोंद पाठवायची शेवटची तारीख आली, तेव्हा सकाळीच गिरजाबाई बोलल्या. त्या म्हणाल्या, आजच्या दिवस स्मृति नगरला लेकीकडे जाऊन बसा. तर लेकीच्या घरी काय कूलरची हवा खायला जाऊ, म्हणून बळीराम तिरसटले. मग स्वतः उठले आणि त्यांनी माझं बटण बंद केलं. प्रेरणा नको नको म्हणू लागली.

"जिंदगीभर भट्टीपुढं उभा राह्यलो वं मी," ते म्हणाले. "मले काई नाई होत. तू आपलं काम कर."

टाकी भरलेली, ताट्या ओल्या आणि मी मुका उभा. भिंती तापल्या. वरचा पंखा गरम हवाच फेकत होता. गिरजाबाई हातपंख्याने वारा घालत होत्या, त्यांचाही डोळा लागला. एवढ्यात प्रेरणा पडद्याकडे सरकली. रेघ चढत होती. तिने आबाजींना हाक मारून सांगितलं. आबाजींनी ओ दिली नाही. त्यांची मान कलली होती, डोळे अर्धवट मिटले होते.

मित्रांनो, तिने एकदाच त्या रेघेकडे पाहिलं आणि पुढच्या क्षणी तिचा हात माझ्या बटणावर होता. जन्मात सोडला नसेल इतका वारा मी सोडला. पडद्यावर पुन्हा गवत माजलं. ती आबाजींच्या तोंडावर पाणी मारत होती आणि रडत होती. मला चालू करून रडलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

डॉक्टर येऊन गेले. बळीराम सावरले आणि पहिल्यांदा रागावलेच.

"कावून लावला कूलर? गेला ना सूर्य हातचा."

"सूर्य उद्या बी येते, आबाजी," प्रेरणा म्हणाली. "तुमी?"



दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या नीरजा मॅडमचा फोन आला. लॅपटॉप बिघडला होता असं प्रेरणाने सांगितलं असतं तर कदाचित आणखी एखादा दिवस मिळाला असता. तिने खरं ते सांगितलं. मॅडम हळहळल्या, त्यांनी आबाजींची चौकशी केली. पण अर्धी नोंद कोणाचीच घेत नाहीत आणि तारीख तर उलटून गेली होती. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा अर्ज कर, असं त्या म्हणाल्या. हे सगळं माझ्या शेजारी हळू आवाजात झालं. माझ्या घरघरीत बळीरामांपर्यंत त्यातलं काही पोचलं नसावं.

ऊन उतरायला लागलं तसे ते भिंतीला धरत माझ्यापाशी आले आणि त्यांनी मला बंद केलं.

"कालचं राह्यलं ना तुह्यं," ते म्हणाले. "घे, आज मोजून घे. मी पोटभर पाणी पिऊन बसलो."

मला वाटलं, आता ती सांगणार. तिने सांगितलं नाही. तिने लॅपटॉप उघडला आणि कोणालाच पाठवायची नसलेली ती स्वच्छ रेघ बघत बसली. आबाजी रेघेकडे नाही, तिच्याकडे बघत होते. थोड्या वेळाने ती उठली, मला चालू केलं आणि म्हणाली, "झालं आबाजी. आलं सगळं." ते इतके खूष झाले की त्यांनी गिरजाबाईंना चहा ठेवायला सांगितला.

यात कोणी कोणाला फसवलं, मला अजून कळलेलं नाही. आम्ही जुन्या वस्तू बोलायला लागलो की शेवटी म्हणतो, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मी उलट मागतो आहे. पुढच्या उन्हाळ्याआधी माझी मोटर बदला. ते जमत नसेल तर मला भंगारात द्या आणि नवा आणा, मी हूं की चूं करणार नाही. पण ज्या हाताला दोघांतून एक निवडावं लागलं, तो पोरीचा हात माझ्या बटणावर पुन्हा तसा येऊ देऊ नका.