ज्याचं रक्त त्याची थुंकी

माझ्या बायकोला, एलुनेडला, पुरून आलो, त्याच दुपारी गोधडी बिघडल्याचं गावाला कळलं.

घरात चहा चालू होता. चॅपलमध्ये प्रार्थनेला येणारी अर्धी मंडळी माझ्या बैठकीच्या खोलीत कोंबलेली. गुडघ्यावर बशी, बशीत मनुक्यांचा पाव आणि तोंडी एलुनेडचं कौतुक. शेजारच्या नेस्टाला वाटलं, एलुनेडचं शेवटचं काम लोकांना दाखवावं. खिडकीपाशी चौकटीवर ताणलेल्या गोधडीवरची चादर तिने ओढली आणि सगळ्यांचे चमचे थांबले. पांढऱ्या कापडाच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा तपकिरी डाग होता.

"रक्त आहे," नेस्टा म्हणाली. "सुई टोचली असणार तिला."

"आणि गिऱ्हाइकाची गोधडी," मागून कुणीतरी भर घातली.

गिऱ्हाईक तिथेच बसलं होतं. मेन्ना प्रोबर्ट, आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. गावातल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी पिळलेत, म्हणून अजूनही सगळे त्यांना बाईच म्हणतात. नातीच्या लग्नासाठी त्यांनी ही गोधडी शिवायला टाकली होती.

"असू दे गेथिन," बाई मला म्हणाल्या. "डागासकट नेईन मी."

पण गावाला ते कसं चालणार? आमच्या खोऱ्यातल्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांचा एक नियम आहे. ज्याचं रक्त त्याचीच थुंकी. सुई टोचून कापडावर रक्त पडलं, तर जिचं रक्त तिनेच दोऱ्याचा तुकडा चघळून डागावर चोळायचा. दुसऱ्या कुणाची थुंकी त्याला लागू पडत नाही. आणि इथे थुंकीची मालकीण दोन तासांपूर्वी मातीखाली गेली होती.

"हा डाग आता निघायचा नाही," नेस्टा म्हणाली. "आणि तो आहे तोवर एलुनेडला सुटका नाही."

हा दुसरा नियम मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आठवड्याभरात तो वाडवडलांपासून चालत आलेला झाला.

नेस्टाकडे उपायही होता. स्वानसी शहरातली मादाम सेलेस्टा. ही बाई मेलेल्यांशी बोलते म्हणे. नेस्टाचा नवरा एम्रिस वारला, तेव्हापासून नेस्टा तिच्याकडे जात होती आणि एम्रिस येऊन 'मी सुखात आहे' असं सांगून जात होता. जिवंत असताना हा माणूस कधी सुखात आहे असं म्हणाला नव्हता. हवामान, सरकार, गुडघे, सगळ्यांबद्दल त्याची तक्रार असे. पण मरणाने माणूस सुधारत असेल.

मी नको म्हणालो नाही. एलुनेड गेली तेव्हा मी स्वयंपाकघरात किटली ठेवत होतो. परत आलो तर ती चौकटीपाशी खुर्चीत मान टाकून बसलेली. शेवटी काही म्हणाली असेल, मला हाक मारली असेल, तर किटलीच्या आवाजात मला ऐकू आली नाही. ते काय होतं, तेवढंच मला हवं होतं. ते सांगणारं कुणीही आलं असतं तरी मी दार उघडलं असतं.

गुरुवारी मादाम आली. जांभळी शाल, दहा बोटांत बारा अंगठ्या. बैठक गच्च भरली. पाद्रीबुवा म्हणाले, आपण फक्त लक्ष ठेवायला आलोय, आणि लक्ष ठेवण्यासाठी त्यांनी सगळ्यात पुढची खुर्ची धरली. पडदे ओढले, एकच दिवा ठेवला.

"लेकरांनो," मादाम घशातून बोलू लागली, "तिच्या आत्म्याचा एक धागा या डागात अडकला आहे. तो सोडवायला तिचाच ओलावा हवा. तिची लाळ मी पलीकडून आणणार आहे. कुणी शंका घेऊ नका. शंकेने लाळ सुकते."

शंका आणि लाळेचा संबंध मला पटला. सगळ्यांचीच तोंडं सुकली होती.

तिने पिशवीतून चांदीची डबी काढली. डबीत कापसाचा बोळा. तो ओठांशी नेला, डोळे पांढरे केले, थरथरली आणि बोळा डागावर दाबला.

डाग उकळू लागला. खरंच सांगतो. पांढरा फेस आला, बारीक बारीक बुडबुड्यांचा, तोंडातून यावा तसा. नेस्टाने माझा दंड धरला. मादामने फेस पुसला, पुन्हा बोळा दाबला, पुन्हा फेस. तपकिरीचं पिवळं झालं, पिवळ्याचं काही नाही. कोपरा पांढराशुभ्र.

"एलुनेडचीच थुंकी," नेस्टा पुटपुटली. पाद्रीबुवांनी लक्ष ठेवता ठेवता हात जोडले होते.

मग मादाम बारीक आवाजात बोलली. "गेथिन, माझ्या प्रिया, इथे सगळीकडे प्रकाश आहे."

ती इंग्रजीत बोलली. एलुनेड आयुष्यात माझ्याशी वेल्शशिवाय बोलली नाही, आणि प्रिया तर सोडाच, तिने मला 'बोकडा' याहून गोड हाक मारलेली मला आठवत नाही.

"ही वेल्श का बोलत नाही?" मी नेस्टाच्या कानात विचारलं.

"तिकडे वर सगळ्यांना कळायला पाहिजे ना," नेस्टा म्हणाली. "इंग्रजीच चालत असेल."

"तिथेसुद्धा?"

"गप रे. ती ऐकतेय."

एवढं कळत होतं, तरी माझे डोळे भरले होते. डाग माझ्यासमोर गेला होता. भाषा चुकली असेल, पण फेस तर खरा होता.

मादाम आपल्या आवाजात परतली. "आज ती दमली. तिला अजून बोलायचंय. शेवटचा शब्द राहिलाय तिचा. पुढच्या गुरुवारी सांगेल. तोवर तिच्या अंगावरचं काही सोनं माझ्यापाशी राहू दे, म्हणजे वाट चुकणार नाही. लग्नाची अंगठी असेल ना?"

होती. माझ्या करंगळीत होती. मी ती काढायला लागलो. सांध्यापाशी अडकली, म्हणून बोट तोंडात घालून ओलं केलं.

"थांब गेथिन," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या, चौकटीवरची सुई घेतली आणि स्वतःच्या बोटात खुपसली. पांढऱ्या चिंधीवर रक्ताचा थेंब टिपला आणि चिंधी सगळ्यांपुढे धरली.

"हे माझं रक्त. मी जिवंत आहे, निदान सकाळपर्यंत होते. मादाम, त्या बोळ्यात एलुनेडची लाळ आहे, बरोबर?"

"आत्मे परीक्षा देत नाहीत," मादाम म्हणाली.

"आत्म्याची नाही, लाळेची परीक्षा आहे. नियम कुणाचा? ज्याचं रक्त त्याचीच थुंकी. मग एलुनेडच्या थुंकीने माझं रक्त जागचं हलता कामा नये."

मादामने बोळा घ्यायला हात पुढे केला, पण तो तिथे नव्हता. पवित्र वस्तू म्हणून तो नेस्टाने आधीच उचलून छातीशी धरला होता.

"बघू दे की त्यांना, मादाम," नेस्टा तोऱ्यात म्हणाली. "खात्री होऊन जाऊ दे. बाईंना शाळेपासून सगळ्यात खोट काढायची सवयच आहे." आणि तिने स्वतःच्या हाताने बोळा चिंधीवर दाबला.

फेस आला. आधीपेक्षा जास्त आला, रक्त ताजं होतं ना.

नेस्टा बोळ्याकडे बघत राहिली.

"औषधाच्या दुकानात तपकिरी बाटलीत मिळतं हे," बाई म्हणाल्या. "हायड्रोजन पेरॉक्साइड. तुमच्या पोरांच्या फुटलेल्या गुडघ्यांना तुम्हीच लावता. पाण्यासारखं दिसतं. रक्ताला लागलं की रक्तातला एक पदार्थ ते फोडतो, प्राणवायू सुटतो, त्याचे बुडबुडे होतात आणि रंग उडतो. माझं रक्त चालेल, पाद्रीबुवांचं चालेल, मेंढीचंही चालेल. मेंढीचा डाग असता, तर मादाम, तुमच्या तोंडून मेंढी बोलली असती का?"

"इंग्रजीत," मी म्हणालो.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग खोलीच हसली. पाद्रीबुवांनी हात सोडवून खिशात घातले.

"पण बाई, आमचा नियम?" नेस्टाने विचारलं. "माझ्या आजीपासून आहे तो."

"ताजं रक्त गार पाण्याने निघतं, नेस्टा. थुंकीनेही निघतं, कुणाच्याही. सुई तुझ्या बोटाला टोचली, तर सगळ्यात जवळचं तोंड तुझंच असतं, एवढाच तुझ्या आजीचा नियम."

मादाम तोवर शाल आवरून दारापाशी पोचली होती. "अविश्वासाने इथली हवा बिघडली," ती म्हणाली. "मी जबाबदार नाही."

"मादाम," नेस्टाने हाक मारली, "एम्रिसचं घड्याळ? मी दिलं होतं ते, वाट चुकू नये म्हणून."

"ते एम्रिसपाशी पोचलं."

"त्याला तिकडे वेळ बघावी लागते का?" बाईंनी विचारलं. उत्तराऐवजी दार आपटलं.

अंगठी माझ्या करंगळीतच आहे. एलुनेड शेवटी काही म्हणाली का, हे मला कधीच कळणार नाही, आणि आपल्याला ते कळतं असं जो कुणी म्हणेल, त्याला माझ्या घरात चहा मिळणार नाही. डाग गेला, हे मात्र खरं. तो जावा असं मला वाटत होतं का, हे कुणी विचारलं नाही. तिच्या हातचं एवढंच रक्त मागे राहिलं होतं. ते मी माझ्याच बैठकीत, माझ्याच डोळ्यांदेखत पुसू दिलं, कारण सगळे हात जोडून बसले होते आणि मीही बसलो होतो.

म्हणून सांगतो. चमत्कार दिसला की रडा, पाया पडा, काय हवं ते करा, पण आधी एक चिंधी आणून तोच चमत्कार दुसऱ्या कशावर तरी करून दाखवायला सांगा. खरं असेल त्याला चिंधीची भीती वाटणार नाही. दुःखात माणूस मूर्ख होत नाही, घाई करतो, आणि ही मंडळी त्या घाईवरच जगतात. तुमच्या घरी माती झाली असेल, तर महिनाभर अंगावरचं सोनं कुणाच्या हाती देऊ नका. देवाच्याही नावाने नको.

मादाम आता पलीकडच्या खोऱ्यात बसते असं कळलं. तिथेही कुणाच्या तरी गोधडीवर, रुमालावर फेस येत असेल. बाई आणि मी नेस्टाला दोनदा म्हणालो, पोलिसात चल, आम्ही बरोबर येतो. ती म्हणते, लोक हसतील. आम्ही म्हणालो, लाज तिला वाटायला हवी, तुला नाही. ती मान हलवते आणि दुसरं काही बोलू लागते. घड्याळ परत आलेलं नाही. तक्रार अजून दिलेली नाही.