तिसऱ्या हाकेची वाट

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझं एक बटण तुटलंय आणि तिथं काडेपेटीची काडी खोचलेली आहे. तिला हसू नका मित्रांनो, ती अजून काम देते.

काकासाहेबांनी मला शहागंजच्या एका दुकानातून कन्नड गावी नेलं, तेव्हा ते तिथं मास्तर होते. निवृत्तीनंतर आम्ही शहरात, सिडकोतल्या तीन खोल्यांत आलो. काकासाहेब भुतांच्या गोष्टी लिहीत. लिहीत म्हणजे येरझाऱ्या घालत मला सांगत आणि मग माझं ऐकून कागदावर उतरवत. दिवाळी अंकात त्या वाचून लोकांची झोप उडायची. पण सगळ्यांत भित्रे ते स्वतःच! भर उन्हाळ्यात कानटोपी, खिशात लिंबू. भुतांचे आवाज गोळा करायचा त्यांना भारी नाद. एकदा संध्याकाळी मला हर्सूलच्या तलावावर नेलं. घरी येऊन ऐकलं तर बेडूक आणि कोणाचा तरी खोकला. खोकला त्यांचाच होता, पण हे कळायला आठ दिवस लागले. तोवर ते देवघरासमोर झोपले.

त्यांचा एक नियम होता. भूत दोनदाच हाक मारतं, तिसऱ्यांदा मारत नाही, असं त्यांच्या आजोळी सांगत. म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय ते कोणालाच ओ देत नसत. पोस्टमन सांडू दारात ओरडायचा, "काकासाहेब! ओ काकासाहेब! भूत नाय मी, टपाल आणलंय!" त्यांच्या पत्नी सारजाबाई कपाळावर हात मारायच्या. "भुताला काय कामधंदा नाय व्हय, तुमच्यापाशी यायला?" असं म्हणायच्या आणि स्वतःही त्यांना तिसरी हाक मारायच्या. चाळीस वर्षं मारली. मलाही तेव्हा गंमतच वाटायची.

दोन वर्षांपूर्वीची दुपार. सून मंजुषा कामावर गेली होती. काकासाहेब गोष्ट सांगत होते, मी टिपत होतो. स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो!" काकासाहेबांनी एक बोट वर केलं. पुन्हा हाक आली, "अहो, या ना जरा." त्यांनी दुसरं बोट वर केलं आणि मिशीत हसत तिसरीची वाट बघत राहिले. ती आली नाही. हातातलं वाक्य पुरं करून ते उठले. सारजाबाई ओट्यापाशी पडल्या होत्या. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी काकासाहेब तीच कॅसेट लावायचे. "अहो!" ऐकताच "आलो, आलो" म्हणत दारापर्यंत जायचे. मग परत येऊन माझा आवाज पूर्ण वाढवायचे आणि कान लावून बसायचे. पुढं नुसती खरखर आणि त्यांचंच ते वाक्य. गेलेल्या सासूचा आवाज घरभर घुमायचा, मंजुषाच्या अंगावर काटा यायचा. ती सासऱ्यांना म्हणायची,

"मामा, बंद करा ना ते."

"तिसरी मारली असंल गं तिनं. हळू मारली असंल. तुला येती का ऐकू?"

मंजुषाला खोटं बोलवेना. "नाय मामा."

मी तरी काय करणार? जो आवाज आलाच नाही, तो कुठून आणू?

गेल्या महिन्यात फीत माझ्याच चाकांत अडकून तुटली. पहिली हाक झाली होती, दुसरी व्हायची होती. मला फार अपराधी वाटलं. काकासाहेब फितीची दोन टोकं हातात धरून बसले होते. इतक्यात मंजुषानं आतून हाक मारली, "मामा!"

ते धावले. धोतरात पाय अडकला, खांदा चौकटीवर आपटला. मंजुषा घाबरून म्हणाली, "अवं, चहा झालाय, येवढंच सांगत होते!" काकासाहेब भिंतीला धरून हमसून हमसून रडले.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली, मला भंगारात दिलंत, तरी माझी तक्रार नाही. पण घरातलं माणूस हाक मारील, तेव्हा हातातलं ठेवून उठा. पहिल्याच हाकेला उठा. सारजाबाईंनी दोनदा मारली होती. मी साक्षीला आहे.